पान सांग

१३ मार्च, शुक्रवार. सोमवारी रंगारी येणार, म्हणून सकाळपासून माळा रिकामा करते आहे. पितळी घंगाळ, कुरडयांचा सोऱ्या, मुलाची तुटकी सायकल असं एकेक खाली आलं. शेवटी दोन गोण्या उरल्या. त्यांच्यावर मी चार वर्षांपूर्वी स्केचपेनने ‘अक्का’ असं लिहून ठेवलं होतं. पहिली गोणी ओढत होते तेवढ्यात फोन वाजला. आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांचा मेसेज होता. त्यांना सगळे आबा म्हणतात.

‘ताई, उद्या सकाळपर्यंत गेटजवळच्या फळ्यावर माझ्या पुस्तकाची शिफारस लिहून टाका. पाच ओळी पुरेत. रविवारी कार्यक्रम आहे, पाहुणे गेटमधूनच येतील. वरच्या खोलीचंही रविवारीच बघू.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

जळगावात मेहरूणला, तलावाच्या अलीकडे आमची कॉलनी आहे. कॉलनीच्या सभागृहावर एक खोली आहे. तिथे दर शनिवारी चार ते सहा आम्ही अकरा बायका जमतो आणि अलीकडे कोणी काय वाचलं ते एकमेकींना सांगतो. महिन्यातून एकदा त्यातलं एक पुस्तक निवडून त्याचं नाव गेटजवळच्या फळ्यावर लिहितो, खाली पाच ओळी. दूधवाला वाचतो, शाळेचा रिक्षावाला वाचतो, एकदा कुरिअरवाल्याने फोटो काढून नेला. घरोघरी जमण्याचा प्रयोग आम्ही आधी करून पाहिला होता. ज्या घरी बसावं तिथल्या बाईला दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं. चहा पाहिजे असतो, मोजे सापडत नसतात, गॅसवाला आलेला असतो. त्या खोलीत कोणी हाक मारत नाही. खोली गेली की गट गेला, हे आम्हा अकरा जणींना माहीत आहे. आबांनाही माहीत आहे.

आबांच्या आत्मचरित्राची प्रत महिन्यापूर्वी प्रत्येक घरात पोचली होती. माझ्या प्रतीवरचं प्लास्टिकही मी फाडलेलं नव्हतं.

मी गटातल्या निवृत्त शिक्षिकेला फोन लावला. आम्ही तिला बाई म्हणतो.

“लिहून टाका ना ताई,” बाई म्हणाली. “प्रेरणादायी म्हणा. त्या शब्दाने आजपर्यंत कोणाचं काही बिघडलेलं नाही.”

“तुम्ही वाचलं?”

“फोटो बघितले. फोटो बरे आहेत.”

“म्हणजे न वाचता लिहायचं?”

“ताई, आपल्याला खोली पाहिजे का नको?”

मी फोन ठेवला आणि गोणीचं तोंड सोडलं. आत अक्कांची पुस्तकं होती. पुस्तकं म्हणजे पुस्तकांचे तुकडे. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं वेष्टण घातलेले, जाड दोऱ्याने शिवलेले, वर लाल पेन्सिलीने आकडे टाकलेले. भाग दोन. भाग पाच. भाग एक. बाईचं बोलणं अक्कांनी ऐकलं असतं तर त्या दोनच शब्द बोलल्या असत्या. पान सांग.

वीसेक वर्षांपूर्वी मी शिंदखेड्याला एका सरकारी ऑफिसात नोकरीला लागले. राहायला धुळ्यात होते, रोज एसटीने अपडाऊन. अक्का त्याच ऑफिसात टपाल बघायच्या, आवक आणि जावक. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, अंगाने काडी, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घड्याळ चालतं आहे तर ठेवून काय करायचं, एवढंच त्याबद्दल त्या सांगायच्या. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत डबा, पाण्याची बाटली, एक दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ आणि कागदात गुंडाळलेलं ब्लेड. मी पहिल्या आठवड्यात ते ब्लेड बघितलं आणि दोन सीट मागे जाऊन बसले.

अक्का पुस्तकं कापायच्या. चारशे पानांची कादंबरी आणली की रविवारी घरी बसून तिचे पाच भाग करायच्या. छापलेलं पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी बांधलेलं असतं, जुडी कुठे संपते ते त्या बोटाने चाचपून ओळखायच्या आणि बरोबर तिथे ब्लेड लावायच्या. मग प्रत्येक भाग शिवायचा, वेष्टण घालायचं. बसमध्ये आम्ही पाच जणी होतो. पहिला भाग एकीने वाचून दुसरीला द्यायचा, दुसरा भाग उचलायचा. तिसऱ्या आठवड्यात पाच जणी एकाच कादंबरीच्या पाच ठिकाणी असायच्या. पुढच्या भागावरची बाई मागच्या भागावरच्या बाईकडे दयेने बघायची.

गावातल्या ग्रंथपालांना हे कळलं तेव्हा ते चिडले. अक्का वाचनालयाचं पुस्तक कधी कापत नव्हत्या, स्वतःचंच कापायच्या. तरीही त्यांनी एकदा भर स्टँडवर अक्कांना गाठलं.

“अक्का, पुस्तक म्हणजे सरस्वती. तिच्यावर ब्लेड चालवता?”

“तुम्ही तिला कपाटात घालून कुलूप लावता भाऊ,” अक्का म्हणाल्या. “तिला विचारा कोणाकडे राहायला आवडेल.”

प्रत्येक भागाच्या शेवटी त्या एक चिठ्ठी शिवायच्या. चिठ्ठीवर चार रकाने. नाव, मिळालं कधी, दिलं कधी, आणि चौथा रकाना, ‘कुठे थांबली’. तो भरल्याशिवाय पुढचा भाग मिळत नसे. कंटाळा येऊन थांबलेलं चालायचं, रडू येऊन थांबलेलं चालायचं, पोळ्या करायच्या होत्या म्हणून थांबलेलंही चालायचं. पण पान लिहावंच लागे. आणि पुस्तक कसं वाटलं असं कोणी विचारल्यावर ‘छान’ म्हणायला बंदी होती. जी बाई छान म्हणेल तिने पुढचा स्टॉप येईपर्यंत उभं राहायचं.

“छान काय ऱ्हास?” बसमध्ये त्या मधेच अहिराणीत शिरायच्या. “चहा छान ऱ्हास. पुस्तकनं पान सांग.”

मी पहिल्या महिन्यात इतक्या वेळा उभी राहिले की कंडक्टरला वाटलं मला बसवत नाही, काही दुखणं आहे.

त्याच कंडक्टरला एकदा सीटखाली दुसरा भाग सापडला. आमच्यातली एक विसरून उतरली होती. तो त्याने डेपोत बसून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुरू झाली तरी तिकिटं फाडेना.

“अक्का, त्या बाईनं पुढे काय व्हयनं?”

“तिकीट द्या भाऊ आधी.”

“तिसरा भाग द्या, मंग तिकीट फाडस.”

“पहिला वाचला नाही, आणि तिसरा पाहिजे?”

“पहिलामा काय व्हई? तिनं लगीन लागेल व्हई. तुम्ही तिसरा द्या.”

पहिल्या भागात खरंच तिचं लग्नच लागलं होतं. अक्कांनी त्याला तिसरा दिला, आणि चिठ्ठीवर त्याचं नाव घातलं. त्या दिवसापासून आम्ही पाच नव्हे, सहा होतो.

अक्का पुस्तक सुचवायच्या तेव्हा समोरच्याला बरं वाटावं असा हेतू नसायचा. मी तेव्हा सासूबद्दल फार बोलायची. “हे घे,” म्हणाल्या, “यातली सासू बोलते. तू ऐक.” एका नव्या कारकुनाने त्यांना काहीतरी हलकंफुलकं मागितलं, तर त्यांनी त्याला एसटीचं वेळापत्रक दिलं. कोणाचा जीव जात नाही यात, म्हणाल्या.

एका कादंबरीचा चौथा भाग हरवला. आमच्यातली एक तो घेऊन शिरपूरला लग्नाला गेली होती आणि तिथून आली ती आहेराची साडी घेऊन, भागाशिवाय. पाचव्या भागात नायिका विहिरीवर एकटी राहत होती आणि तिच्या भावाचं नावही कोणी काढत नव्हतं. तिसऱ्या भागाच्या शेवटी तर भाऊ तिला घ्यायला निघाला होता. मधे काय झालं? आम्ही म्हटलं, दुसरी प्रत आणू. अक्का नाही म्हणाल्या. “हरवलंय ना? मग तुम्हीच सांगा.” पुढचे आठ दिवस रोज एकीने चौथा भाग सांगायचा असं ठरलं. एकीच्या भागात भाऊ नदीत वाहून गेला. दुसरीच्या भागात त्याने जमीन बळकावली, आणि सांगताना ती इतकी तापली की तिच्या घरी काय चाललंय ते आम्हाला कळलं. कंडक्टरने भावाला सरळ सुरतेला पाठवलं आणि तिकडेच दुसरं लग्न लावून दिलं. पुढे जळगावला आल्यावर मी ती कादंबरी वाचनालयातून आणली आणि खरा चौथा भाग वाचला. पंचेचाळीस पानं, त्यात तीस पानं पावसाचं वर्णन. आमच्या बसमधला बरा होता.

आता साहेबांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या गोणीतल्या एका तुकड्याचा अर्थ लागणार नाही.

आमच्या साहेबांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठावर साहेब खुर्चीत. ऑफिसातल्या प्रत्येकाला एक प्रत मिळाली आणि पंधरा दिवसांनी ऑफिसातच सत्कार ठेवला. शाल, नारळ, पेढे. चार जणांनी दोन शब्द बोलायचे होते. तरुण कर्मचाऱ्यांतर्फे मी, ज्येष्ठांतर्फे अक्का.

मी आधी बोलले. पुस्तक अप्रतिम आहे म्हटलं. हातात घेतलं आणि शेवटच्या पानापर्यंत खाली ठेवता आलं नाही म्हटलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी मान हलवली. माझी सेवा तेव्हा कायम व्हायची होती.

मग अक्का उठल्या. माईक त्यांनी बाजूला सरकवला.

“साहेब, मी तुमचं पुस्तक सगळं वाचलं. एकशे अकरा ते एकशे बत्तीस ही बावीस पानं खरी आहेत. ती सगळ्यांनी वाचावीत. बाकीचं मी कोणाला वाचा म्हणून सांगणार नाही.”

पिशवीतून त्यांनी एक तुकडा काढला. बावीस पानं, शिवलेली, वेष्टणासकट. तो टेबलावर पेढ्यांच्या बॉक्सशेजारी ठेवला आणि जागेवर येऊन बसल्या. पेढाही घेतला.

त्या बावीस पानांत काय होतं? साहेब तरुण असताना सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर तापाने आडवे झाले होते. तिथल्या एका माणसाने त्यांना सहा दिवस आपल्या झोपडीत ठेवलं. त्याच्या घरात एकच घोंगडी होती, ती साहेबांच्या अंगावर होती. दोन वर्षांनी तो माणूस काही कामासाठी त्यांच्या ऑफिसात आला, दारात उभा राहिला आणि हसला. खोलीत वरचे अधिकारी बसलेले होते. साहेबांनी ओळख दाखवली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. एवढंच. साहेबांनी ते कुठेही न सजवता लिहिलं होतं. पुस्तकाच्या मध्यात होतं, बहुधा कोणी तिथपर्यंत येणार नाही अशा भरवशावर.

सत्कार संपायच्या आत तो तुकडा शिपायाने उचलला होता. आठ दिवसांत सगळ्या ऑफिसाने वाचला. साहेब कॉरिडॉरमधून चालले की लोक बाजूला व्हायचे, पण आता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. महिन्या-दीड महिन्यात अक्कांची बदली पिंपळनेरला झाली.

पण मला आठवतो तो त्याच संध्याकाळचा परतीचा प्रवास. अक्का माझ्या शेजारी बसल्या. नरडाणा मागे पडल्यावर म्हणाल्या, “तुला खाली ठेवता आलं नाही म्हणे. पान सांग.”

“अक्का, सगळंच...”

“तुझी प्रत दे.”

ती माझ्या पिशवीतच होती. त्यांनी ती उघडली, पानं चाळली आणि एका जागी थांबल्या. त्या छपाईत काही जुड्या कडेला नीट कापल्या गेल्या नव्हत्या, पानं वरून एकमेकांना जोडलेली राहिली होती. माझ्या प्रतीत सत्तराव्या पानापुढे सगळी तशीच होती. आत हात घालायलाही जागा नव्हती. अक्कांनी अंबाड्यातून आकडा काढला आणि एकेक पान फाडून मोकळं करत गेल्या. धुळ्याचं स्टँड येईपर्यंत तेवढाच आवाज. शेवटचं पान सोडवून त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

“आता वाचता येईल,” म्हणाल्या, आणि उतरून गेल्या.

त्यांनी मला गटातून काढलं नाही. त्यांची बदली होईपर्यंत मला प्रत्येक पुस्तकाचा फक्त मधला भाग मिळाला. पहिला मागितला तर म्हणायच्या, “तुला काय गरज? सुरुवात आणि शेवट तू न वाचताच सांगशील.” बाकीच्या हसायच्या. कंडक्टर सगळ्यांत जास्त हसायचा. मी मधले भाग वाचले. काय करणार.

बदलीचा कागद आला त्या दिवशी ऑफिसात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. अक्का टपालाच्या नोंदी पूर्ण करत होत्या.

“अक्का, अर्ज करा,” मी म्हटलं. “निवृत्तीला तीनच वर्षं राहिली. पिंपळनेर लांब आहे.”

“कोणासाठी लांब? तिथले लोक तिथेच राहतात.”

“माफी मागितली तर साहेब ऐकतील.”

“माफी कशाची? वाचल्याची?” त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. “ऑफिसात एवढी माणसं, त्यांचं पुस्तक वाचलं मी एकटीने. त्यांनी माझा सत्कार करायला पाहिजे होता.”

हे त्या गमतीने बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि आज मलाही वाटतं. त्या पुस्तकाच्या बाकी सगळ्या प्रती कुठे गेल्या मला माहीत नाही. माझी मी शिंदखेडा सोडताना तिथेच टेबलाच्या खणात टाकून आले. त्यातली बावीस पानं तेवढी जिवंत राहिली, ती अक्कांनी कापली म्हणून.

पिंपळनेरहूनही भाग येत राहिले. एसटीच्या कंडक्टरांच्या हातून, साक्रीमार्गे धुळ्याला. कधी चौथा आधी यायचा, दुसरा नंतर. निवृत्त होऊन त्या धुळ्याला परतल्या तोवर माझी बदली जळगावला झाली होती. मग फोन. फोनवर हॅलो नाही, तब्येत नाही. “काय वाचलं? कुठे थांबली?” एवढं विचारून ऐकून घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्या गेल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला. “मावशी, आईच्या कपाटात एकही अख्खं पुस्तक नाही. रद्दीवालाही हात लावत नाही. तुम्हाला पाहिजे का?” मी गेले आणि दोन गोण्या घेऊन आले. माळ्यावर टाकल्या. हे लिहायला मला आवडत नाही, पण चार वर्षं मी त्या उघडल्या नाहीत.

आज दुपारी दुसऱ्या गोणीच्या तळाशी तो तुकडा मिळाला. पान एकशे अकरा ते एकशे बत्तीस. वेष्टण कुठल्याशा जुन्या कॅलेंडरच्या जून महिन्याचं. मागे चिठ्ठी. शिपायाचं नाव, हेडक्लार्कचं नाव, ड्रायव्हरचं नाव, प्रत्येकापुढे पान. खालून तिसऱ्या ओळीत माझं नाव. मी तो तुकडा कधी मागितला नव्हता, मला लाज वाटत होती. म्हणजे नाव अक्कांनीच घातलेलं. तारखांचे रकाने रिकामे आणि चौथ्या रकान्यात, त्यांच्या टपालाच्या अक्षरात, ‘सुरूच केलं नाही’.

मी ती बावीस पानं तिथेच बसून वाचली, माळ्याचं काम तसंच सोडलं, हात धुतले आणि आबांच्या पुस्तकावरचं प्लास्टिक फाडलं.

दोनशे बारा पानं, मोठा टाइप. तीन वाजता बसले. पहिली चाळीस पानं आबांच्या कुळाचा गौरव. नंतर आबांनी केलेली बांधकामं, आबांना भेटलेले मोठे लोक, मोठ्या लोकांनी आबांबद्दल काढलेले उद्गार. मधे उठून कुकर लावला. पान त्रेसष्टला मी थांबले, आणि या वेळी कंटाळ्याने नव्हे. मॅट्रिकला नापास झाल्यावर सतरा वर्षांचे आबा घरात न सांगता रावेरकडे गेले आणि आठ महिने केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होते. घड खांद्यावर कसा घ्यायचा, मुकादम काय शिव्या देतो, पहिल्या दिवशी हातातून पडलेला घड त्यांनी पाचोळ्याखाली कसा लपवला, सगळं होतं. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो जात नाही. त्या आठ महिन्यांचा एकच शर्ट होता. पुढे मोठे कंत्राटदार झाल्यावरही त्यांनी तो ट्रंकेत तळाशी ठेवला होता. लग्नानंतर तो कुठेतरी हरवला, असं पान चौऱ्याहत्तरवर लिहिलं होतं, आणि तिथे ती गोष्ट संपत होती. पंचाहत्तरपासून पुन्हा उद्गार. मी तेही सगळे वाचले. साडेसातला पुस्तक संपलं.

आबांची बायको आमच्या गटात आहे. आम्ही तिला वहिनी म्हणतो. मागच्या शनिवारी कोणीतरी तिला विचारलं होतं, आबांचं पुस्तक कसं आहे. ती म्हणाली, “माले तं ते रोज रातले वाचीन दखाडतस. दुसऱ्या पानवर मना डोळा लागी जास.” सगळ्या हसल्या, तीही हसली. घरात ऐकायचं काम तिचं. खोलीत ती बोलते. मागच्या वर्षभरात तिने सतरा पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांतली तीन आमच्या फळ्यावर लागली आहेत. दर शनिवारी दोन तास तिला घराबाहेर सोडतात ते खोली कॉलनीची आहे म्हणून. माझ्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकली तर बाकीच्या येतील, तिला येता येणार नाही. मी न लिहिल्याची किंमत सगळ्यांत आधी तीच मोजणार.

आठ वाजता बाईचा पुन्हा फोन आला. “लिहिलं का?”

“उद्या सकाळी लिहिते.”

“प्रेरणादायी ना?”

“पूर्ण वाचलंय मी.”

“ताई, खोली जाईल.”

“जाईल कदाचित,” मी म्हटलं. “पण खोटं लिहून ठेवली, तर शनिवारी त्या खोलीत बसून एकमेकींना काय सांगायचं? तुम्ही एखादं पुस्तक चांगलं म्हटलं तर मी विश्वास कशावर ठेवू?”

“मग माझं नाव नका घालू.”

“माझंच घालणार आहे.”

१४ मार्च, शनिवार. सकाळी साडेसहाला खडू घेऊन खाली गेले. फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला. आबांच्या पुस्तकाचं नाव वर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली, ‘मी हे पुस्तक पूर्ण वाचलं. पान ६३ ते ७४ प्रत्येकाने वाचावं. सतरा वर्षांच्या मुलाने केळीची गाडी कशी भरली ते आपल्या भागात इतकं खरं कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही. बाकी पानांची शिफारस मी करत नाही.’ खाली माझं नाव आणि फ्लॅटचा नंबर.

वहिनी दुधाची पिशवी घेऊन येत होती. ती थांबली आणि सगळं वाचलं. मी खडूचे हात पुसत उभी राहिले.

“केळीनी गाडीवर व्हतात ते?” ती म्हणाली. “माले कव्हय सांगं नही.”

“पुस्तकात आहे.”

“मी तं आधीच झोपी जास.” तिने पुन्हा फळ्याकडे बघितलं. “काय लिखेल शे त्यामा?”

मी गाड्यांचं सांगितलं, घडाचं सांगितलं, काळ्या डागांच्या शर्टाचं सांगितलं. शर्टाशी आल्यावर तिने दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ट्रंकमाधला? डागवाला?”

“हरवला असं लिहिलंय.”

“कुठला हरवस. लगीन नवं व्हतं, तो मी फरशी पुसाले लिधा. दोन दिन जेवनात नही ते. माले वाटं भाजी खारी व्हयनी.”

मग तिने विचारलं, “त्रेसष्ट ना?” आणि ती घरी गेली. नेहमीपेक्षा जरा भरभर पावलं टाकत.

आबांचा फोन अजून आलेला नाही. खोलीची चावी माझ्या पर्समध्ये आहे. ती मागायला येतील तेव्हा बघू. आज शनिवार आहे, चार वाजता मी खोली उघडणार.

वर येऊन चहा घेतला आणि अक्कांची गोणी पुन्हा उघडली. दाभण त्यातच होतं, दोराही होता, मेण तेवढं सुकलेलं. ब्लेड घरातलं घेतलं. माझ्या प्रतीतली त्रेसष्ट ते चौऱ्याहत्तर पानं सोडवली. जुडी मधेच फुटत होती, अक्कांइतकं सफाईने जमलं नाही. शिवली. या वर्षीच्या कॅलेंडरचं फेब्रुवारी वेष्टणाला लावलं. मागे चिठ्ठी टाचली, चार रकाने आखले, पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘पान २१२. पुस्तक तिथे संपतं.’